०.७ आणि ०.३५ च्या पलीकडे: आरसीसी इमारतीच्या मॉडेलमध्ये स्टिफनेस कसा धरायचा

स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नव्याने रुजू झालेल्या मुलाला किंवा मुलीला पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मॉडिफायर टाकलेस का? बीमला पॉइंट थ्री फाइव्ह, कॉलमला पॉइंट सेव्हन." मॉडिफायर म्हणजे मेंबरच्या (बीम, कॉलम यांच्या) स्टिफनेसला, ताठपणाला, गुणायचा आकडा. ते टाकले जातात, मॉडेल रन होतं, रिपोर्ट निघतो. हे आकडे आले कुठून, ते कोणत्या तपासणीसाठी आहेत आणि ते नसते तर नेमकं काय बदललं असतं, हे विचारायला सबमिशनच्या धावपळीत कोणाला सवड नसते.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. स्टॅटिकली इंडिटरमिनेट फ्रेममध्ये (जिची बलं नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी निघत नाहीत) बल कुठून जाणार हे त्या बलावर ठरत नाही, मेंबरच्या ताठपणावर ठरतं. एकत्र कुटुंबात जो कामाला नाही म्हणत नाही त्याच्याच गळ्यात सगळं पडतं, तशीच इथली वाटणी आहे. त्यामुळे स्टिफनेस बदलला की मोमेंट बदलतात, मोमेंट बदलले की सळई बदलते. आणि काँक्रीटच्या मेंबरला एकच एक 'खरा' स्टिफनेस नसतो. तो लोडवर, आतल्या सळईवर आणि वयावर अवलंबून असतो. म्हणून आधी विचारायचं की मला या मॉडेलकडून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि मग आकडा निवडायचा.

पायरी १: मोठं मॉडेल बाजूला ठेवा, एक पोर्टल फ्रेम करा

दोन कॉलम, वर एक बीम, दोन्ही पाय फिक्स्ड. उंची ३ मीटर, गाळा ४.५ मीटर, तिन्ही मेंबर ३०० बाय ४५० (वाकणं ४५० च्या दिशेने), काँक्रीट एम २५. बीमच्या पातळीवर आडवा ५० किलोन्यूटन जोर. सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे हाताने करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आयएस ४५६ (आपला काँक्रीटचा कोड) नुसार एम २५ चा ई, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, ५००० गुणिले वर्गमूळ २५, म्हणजे २५,००० मेगापास्कल. सेक्शनचा ग्रॉस (तडे न धरता, पूर्ण सेक्शनचा) मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे 'आय', २.२७८ × १०⁹ मिमी⁴. बीमचा आय/लांबी भागिले कॉलमचा आय/उंची हे गुणोत्तर 'क' म्हणू. इथे क = ०.६६७. अशा पोर्टलचा आडवा स्टिफनेस असा निघतो:

(२४ × ई × कॉलमचा आय ÷ उंची³) × (६क + १) ÷ (६क + ४)

ग्रॉस सेक्शनने उत्तर येतं ३१.६ किलोन्यूटन प्रति मिमी, म्हणजे ५० किलोन्यूटनला फ्रेम १.५८ मिमी सरकते. आता कॉलमला ०.७ आणि बीमला ०.३५ लावा. क निम्मा होऊन ०.३३३ होतो आणि स्टिफनेस १७.७ वर येतो. सरकणं २.८२ मिमी. कॉलमचे ३० टक्के आणि बीमचे ६५ टक्के कापून एकूण फ्रेमचे ४४ टक्के गेले. नैसर्गिक पीरियड वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे सुमारे ३४ टक्क्यांनी.

माझ्या मते खरी गंमत मोमेंटमध्ये आहे. ग्रॉस मॉडेलमध्ये प्रत्येक कॉलमच्या तळाशी ४५ आणि माथ्याशी ३० किलोन्यूटन-मीटर येतात. मॉडिफायर लावल्यावर तळाशी ५० आणि माथ्याशी २५. जोर तोच, फ्रेम तीच. पण बीमच्या टोकाचा मोमेंट ३० वरून २५ वर उतरला आणि उतरलेले पाच कॉलमच्या तळाला गेले.

आता तिसरा प्रयोग करा: बीम आणि कॉलम दोघांनाही सरसकट ०.५. फ्रेम दुप्पट सरकेल, मोमेंट मात्र ४५ आणि ३० च राहतील, जसे ग्रॉसमध्ये होते. वाटणी ठरते मेंबरमेंबरमधल्या गुणोत्तराने. प्रत्यक्ष आकड्याने ठरतं सरकणं आणि पीरियड. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात. अपवाद दोन: तापमानातला बदल आणि पायाचं असमान खचणं. तिथे बल बाहेरून दिलेलं नसतं, विस्थापन दिलेलं असतं. त्यामुळे सगळ्यांचा स्टिफनेस निम्मा केला की मोमेंटही निम्मे होतात. तळघराची लांबच लांब भिंत किंवा एक्स्पान्शन जॉइंट नसलेली लांब पोडियम स्लॅब ग्रॉस सेक्शनवर तपासली तर तापमानाचे जे भयंकर आकडे दिसतात, त्यांचं कारण हेच.

सॉफ्टवेअरमध्ये हीच फ्रेम केली तर उत्तर हाताच्या उत्तरापेक्षा थोडं वेगळं येईल, कारण ते शिअर आणि अक्षीय विरूपणही धरतं. फरक किरकोळ असेल तर पुढे चला. मोठा असेल तर एंड ऑफसेट किंवा कॉलमची दिशा तपासा.

पायरी २: बीमला तडा कधी जातो ते स्वतः काढा

३०० बाय ४५० चा तोच बीम घ्या. आयएस ४५६ प्रमाणे वाकण्यातली ताणशक्ती ०.७ गुणिले वर्गमूळ २५, म्हणजे ३.५ मेगापास्कल. त्यावरून क्रॅकिंग मोमेंट येतो ३५ किलोन्यूटन-मीटर. साडेचार मीटरच्या गाळ्यावर स्वतःचं वजन, वरची वीटभिंत आणि स्लॅब मिळून मीटरला २५ किलोन्यूटन धरले, तर टोकाचा मोमेंट ४२ होतो. म्हणजे भूकंप, वारा काहीही न येता, घरात माणसं राहायला आली की बीमला बारीक तडे गेलेलेच असतात. घाबरायचं कारण नाही. आरसीसीचं डिझाइन मुळातच काँक्रीटचा ताण शून्य धरून केलेलं असतं. पण मग मॉडेलमध्ये तो बीम अखंड दगडासारखा का धरायचा?

तडा गेलेल्या सेक्शनचा आय काढून पाहा. ताणाच्या बाजूला २० मिमीच्या तीन सळया, इफेक्टिव्ह डेप्थ ४१०, मॉड्युलर रेशो (सळईचा ई भागिले काँक्रीटचा ई) ८. न्यूट्रल अ‍ॅक्सिस वरून साधारण १२१ मिमीवर येतो आणि क्रॅक्ड आय ग्रॉसच्या ३५ टक्के निघतो. अगदी कोडातला आकडा! पण टाळ्या वाजवण्याआधी सळया बदला. २० ऐवजी १६ च्या तीन टाका: उत्तर २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बीमचा स्टिफनेस त्यातल्या सळईवर ठरतो, आणि सळई तर आपण अ‍ॅनालिसिस झाल्यावर ठरवणार आहोत. न्यूझीलंडचे नायजेल प्रीस्टली यांनी भूकंप-डिझाइनच्या रूढ पद्धतीवर वर्षानुवर्षं हाच आक्षेप घेतला: ताकद वाढवली की स्टिफनेसही वाढतो, मग स्टिफनेस आधी ठरवून ताकद वाटायची हे उलटं आहे. आक्षेप बरोबर आहे. रोजच्या कामात मात्र आपण एक मध्यम आकडा धरून पुढे जातो, आणि तो मध्यम आहे हे विसरायचं नसतं.

कॉलमचं वेगळं आहे. वरून दाबणारा भार तडे मिटवून ठेवतो, म्हणून त्याला ०.७. याचाच दुसरा अर्थ असा की वरच्या मजल्यांवरचे कमी भाराचे कॉलम, किंवा भूकंपात एका बाजूचे जे कॉलम उचलले जाऊ पाहतात ते, ०.७ पेक्षा मऊ असणार.

पायरी ३: प्रश्न कोणता, त्याप्रमाणे आकडा

आयएस ४५६ इथे बरंच सैल सोडतं. कलम २२.३.१ म्हणतं, ग्रॉस, ट्रान्सफॉर्म्ड किंवा क्रॅक्ड, कोणताही सेक्शन धरा. फक्त एका अ‍ॅनालिसिसमध्ये सगळ्या मेंबरना एकच नियम लावा. उभ्या भारासाठी आजही बरीच ऑफिसं ग्रॉस धरतात आणि ते कोडात बसतं.

भूकंपासाठी आयएस १८९३ भाग १ च्या २०१६ च्या आवृत्तीने कलम ६.४.३.१ मध्ये कॉलमला ग्रॉसच्या ७० टक्के आणि बीमला ३५ टक्के असं स्पष्ट लिहिलं. भिंतींचा, म्हणजे शिअर वॉलचा, त्या वाक्यात उल्लेख नाही. इथे बहुतेक जण उंच इमारतींच्या आयएस १६७०० कडे वळतात. ५० मीटरच्या वरच्या इमारतींसाठी असलेल्या या कोडाच्या २०१७ च्या आवृत्तीत दोन संच दिले आहेत. फॅक्टर्ड (सुरक्षेचा गुणक लावलेल्या) भारासाठी: स्लॅब ०.२५, बीम ०.३५, कॉलम आणि भिंत ०.७. अनफॅक्टर्ड भारासाठी: स्लॅब ०.३५, बीम ०.७, कॉलम आणि भिंत ०.९. क्षेत्रफळ दोन्हीकडे पूर्ण.

हे दोन संच का? वाऱ्यातली हालचाल इमारतीच्या आयुष्यात वारंवार होणार, तेव्हा मेंबर अजून फारसे चिरलेले नसतात. त्यामुळे वाऱ्याचा ड्रिफ्ट, म्हणजे मजल्याचं आडवं सरकणं, दुसऱ्या संचाने तपासायचा. वाऱ्याचा ड्रिफ्ट ०.३५ लावून काढला तर तो विनाकारण जास्त दिसतो आणि कॉलम उगाच फुगतात. बिल्डरशी त्यावरून होणारी बाचाबाची वेगळीच. उलट भूकंपाचा ड्रिफ्ट ०.७ च्या बीमवर काढला तर तो खोटा चांगला दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन फाइली ठेवा. एकाच फाइलमध्ये मॉडिफायर बदलत बसलात तर शेवटचा रन कोणता होता हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

इतर देशांचे आकडे पाहिले की कळतं यात किती मतं आहेत. अमेरिकेच्या एसीआय ३१८ मध्ये बीमला ०.३५, कॉलमला ०.७, युरोकोड ८ मात्र, अधिक बारकाईने काढायचं नसेल तर, सगळ्यांना सरसकट निम्मं धरा म्हणतो. पहिल्या पायरीतला तिसरा प्रयोग आठवा: युरोकोडच्या पद्धतीत बीम-कॉलममधली वाटणी ग्रॉससारखीच राहते, आपल्यात राहत नाही.

डिफ्लेक्शन हा तिसराच प्रश्न. स्लॅब किंवा लांब बीम दहा वर्षांनी किती खाली येईल याला ०.३५ चं उत्तर चालत नाही, कारण क्रीप येतो, म्हणजे कायमच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू आणखी विरूप होत राहतं. आयएस ४५६ प्रमाणे २८ दिवसांनी भार आला तर क्रीप कोइफिशिएंट १.६, म्हणजे ई २५,००० वरून ९,६१५ वर. त्याच बीमचा पूर्ण चिरलेला सेक्शन या ई ने पुन्हा काढा (मॉड्युलर रेशो आता २०.८ होतो, त्यामुळे न्यूट्रल अ‍ॅक्सिस खाली जातो आणि क्रॅक्ड आय वाढतो). सरतेशेवटी ई गुणिले आय हा ग्रॉसच्या तुलनेत सुमारे ३.७ पट कमी निघतो, तोही श्रिंकेज सोडून. सॉफ्टवेअर जे इलॅस्टिक डिफ्लेक्शन दाखवतं ते स्पॅन भागिले २५० शी सरळ तुलना करून "ओके" लिहिणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यासाठी आयएस ४५६ चं अ‍ॅनेक्स सी आहे, ते वापरा. लांब कँटिलिव्हर बाल्कनी असेल तर टाळूच नका.

पायरी ४: आकडा सॉफ्टवेअरमध्ये नेमका कुठे जातो

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून इथे जरा थांबू.

ईटॅब्समध्ये मॉडिफायर दोन जागी देता येतो: सेक्शनच्या व्याख्येत आणि मेंबरला असाइन करताना. दोन्हीकडे दिले तर एक दुसऱ्याला रद्द करत नाही, दोघांचा गुणाकार होतो. बीमच्या सेक्शनमध्ये आधीच ०.३५ आहे हे न पाहता कोणी सगळे बीम सिलेक्ट करून पुन्हा ०.३५ असाइन केला, तर प्रत्यक्षात ०.१२ चालू असतो. एरर येत नाही. फक्त ड्रिफ्ट फेल होतो आणि मग कॉलम वाढवले जातात. एक जागा ठरवा, दुसरी सगळीकडे १ आहे हे टेबल काढून बघा. स्टॅड प्रोमध्ये यासाठी क्रॅक्ड रिडक्शनची मेंबर कमांड आहे. तिथे कोणता अक्ष 'झेड' आहे हे बीटा अँगल फिरवलेल्या कॉलमवर खास तपासा.

दुसरा घोळ शिअर वॉलचा. भिंत शेल एलिमेंट असते आणि तिला सहा-आठ मॉडिफायर असतात. एफ-११, एफ-२२, एफ-१२ हे भिंतीच्या स्वतःच्या प्रतलातले. एम-११, एम-२२, एम-१२ हे प्रतलाबाहेर वाकण्याचे. भिंत भूकंपाला ज्या दिशेने प्रतिकार करते ते वाकणं प्रतलातलं आहे. त्यात एका टोकाला उभा दाब आणि दुसऱ्या टोकाला उभा ताण येतो, आणि तो उभ्या दिशेच्या एफ-२२ मधून जातो. नावात 'एम' आहे म्हणून बरेच जण ०.७ एम-११ आणि एम-२२ ला देऊन मोकळे होतात. त्याने भिंतीचा प्रतलातला स्टिफनेस तसूभरही बदलत नाही. पीरियड आधी आणि नंतर लिहून ठेवा. भिंतींवर उभ्या इमारतीत तो हलला नाही तर समजा मॉडिफायर चुकीच्या घरात गेलाय.

पण एफ-२२ ला ०.७ दिलं की भिंतीचा अक्षीय स्टिफनेसही कमी होतो, आणि कोड म्हणतं क्षेत्रफळ पूर्ण धरा. शेलमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. परिणाम उभ्या भाराच्या केसमध्ये दिसतो: भिंत कॉलमच्या तुलनेत जास्त आखडते आणि दोघांमधल्या बीमला खोटे मोमेंट येतात. माझा पर्याय असा: उभ्या भाराचं डिझाइन एफ-२२ पूर्ण ठेवलेल्या फाइलमधून, आणि तेही कन्स्ट्रक्शन सिक्वेन्स लावून, आडव्या भाराचं दुसऱ्या फाइलमधून. काम वाढतं, पण तीस मजल्यांच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांचे कोअरला जोडलेले बीम फेल दिसायला लागले की हे काम कधीतरी करावंच लागतं.

तिसरी गोष्ट टी-बीम. कोडातला ०.३५ कोणत्या ग्रॉसचा? बीमला वरून स्लॅब चिकटलेली असते, आणि फ्लँज धरून काढलेला आय नुसत्या आयताच्या साधारण दुप्पट असतो. एसीआयच्या भाष्यात हाच अंदाज दिला आहे. म्हणजे टी धरून ०.३५ हे आयत धरून ०.७ च्या बरोबरीचं. आपल्याकडे बहुतेक मॉडेलमध्ये बीम आयताकृती टाकतात आणि त्यावर ०.३५ लावतात, म्हणजे बीम खरा असतो त्याहून मऊ होतो. ड्रिफ्टसाठी हे सुरक्षित बाजूला आहे. बीमच्या सळईसाठी मात्र नाही, कारण मऊ बीम मोमेंट झटकून कॉलमकडे देतो. निदान गृहीतकात काय धरलंय ते लिहा.

स्लॅब मेम्ब्रेन असेल तर तिच्या वाकण्याच्या मॉडिफायरला अर्थ नाही, ती वाकतच नाही. शेल असेल तर ०.२५ द्यायला विसरू नका. अखंड स्टिफनेसची शेल स्लॅब बीमच्या वाट्याचा मोमेंट स्वतः घेते आणि बीममध्ये सळई कमी दिसते.

पीळ, म्हणजे टॉर्शन. मुख्य बीमला सेकंडरी बीम येऊन मिळतो तिथे मॉडेल पिळाचा मोमेंट दाखवतं. आयएस ४५६ चं कलम ४१.१ सांगतं की हा पीळ समतोलासाठी आवश्यक नसेल तर त्याचं वेगळं डिझाइन लागत नाही, पण एका अटीवर: अ‍ॅनालिसिसमध्ये टॉर्शनल स्टिफनेस दुर्लक्षित केलेला असला पाहिजे. म्हणून टॉर्शनचा मॉडिफायर ०.०१ सारखा अगदी लहान ठेवतात. अट वाचल्याशिवाय नुसतं पिळाची सळई न देणं हा नियमभंग आहे. आणि ज्या बीममधून फक्त एका बाजूला बाल्कनीची किंवा छज्जाची स्लॅब बाहेर निघते, मागे स्लॅब नाही, तिथला पीळ समतोलाचाच आहे. त्या बीमचा टॉर्शन मॉडिफायर कमी करू नका आणि सळई पूर्ण द्या.

जोडाची लांबी हा लहान मुद्दा आहे, पण ३०० बाय ९०० च्या कॉलममध्ये लहान राहत नाही. बीमची मोकळी लांबी सेंटर-टू-सेंटरपेक्षा बरीच कमी असते. रिजिड झोन फॅक्टर (जोडाचा किती भाग पूर्ण ताठ धरायचा) ०.५ हा सर्वसाधारण मध्यममार्ग. १ ठेवू नका, जोडही थोडा विरूप होतो.

पायरी ५: पीरियड, बेस शिअर आणि मोहात पडण्याची जागा

मऊ मॉडेलचा पीरियड लांबतो, लांब पीरियडला भूकंपाचा जोर कमी, म्हणजे मॉडिफायर लावून आपण इमारत स्वस्त केली का? कोडाने ही पळवाट बंद केली आहे, कशी ते आकड्यात पाहा.

पुण्यातली स्टिल्ट अधिक सात मजल्यांची इमारत, आयएस १८९३:२०१६ प्रमाणे झोन ३, उंची २४ मीटर, एका दिशेची रुंदी १६ मीटर. भिंतींनी भरलेल्या फ्रेमचा कोडातला पीरियड ०.०९ गुणिले २४ भागिले वर्गमूळ १६, म्हणजे ०.५४ सेकंद. मध्यम मातीवर त्यासाठी स्पेक्ट्रमचा आकडा २.५. समजा तुमच्या क्रॅक्ड, भिंती नसलेल्या मॉडेलचा पहिला पीरियड १.५ सेकंद आला. त्याचा आकडा १.३६ भागिले १.५, म्हणजे सुमारे ०.९१. नुसत्या पहिल्या मोडचा हिशोब धरला तरी जोर जवळजवळ पावणेतीन पट कमी. कलम ७.७.३ म्हणतं, डायनॅमिक (मॉडेलच्या पीरियडवरून केलेल्या) अ‍ॅनालिसिसचा बेस शिअर, म्हणजे तळाशी येणारा एकूण आडवा जोर, कोडाच्या पीरियडवरून काढलेल्यापेक्षा कमी आला तर सगळी बलं त्या पटीत वाढवा. म्हणजे डिझाइनचा जोर शेवटी ०.५४ सेकंदाचाच, आणि वाटणी क्रॅक्ड मॉडेलची.

ड्रिफ्टची मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४, म्हणजे ३ मीटरला १२ मिमी, लोड फॅक्टर १ धरून. कलम ७.११.१.२ असंही म्हणतं की डायनॅमिकमधून आलेली विस्थापनं या पटीने वाढवायची नाहीत. यावर ऑफिसाऑफिसात वाद आहेत. मी दोन्ही पाहतो: न वाढवलेला डायनॅमिक ड्रिफ्ट आणि स्टॅटिकचा ड्रिफ्ट. पहिला अगदी आरामात आणि दुसरा मर्यादेच्या कितीतरी बाहेर असेल, तर इमारत खरंच मऊ आहे आणि कॉलमची मांडणी पुन्हा बघायला हवी.

पायरी ६: जे मॉडेलमध्ये नाही पण साइटवर आहे

मॉडिफायरवर तास घालवून भिंती सोडून देणं ही आपल्याकडची जुनी खोड. पहिल्या पायरीतल्याच पोर्टलमध्ये १५० मिमी जाडीची वीटभिंत भरा. आयएस १८९३ च्या कलम ७.९ मध्ये भिंतीऐवजी तिरपा स्ट्रट धरण्याची रीत आहे. भिंतीची दाबशक्ती ३ मेगापास्कल धरली तर तिचा ई ५५० पट, म्हणजे १,६५०. सूत्रातून स्ट्रटची रुंदी साधारण ६५० मिमी येते आणि त्याचा आडवा स्टिफनेस सुमारे २४ किलोन्यूटन प्रति मिमी. चिरलेल्या फ्रेमचा आपण काढला होता १७.७. एक साधी भिंत फ्रेमपेक्षा ताठ निघाली! आता वर सात मजले अशा भिंती आणि खाली पार्किंगमध्ये एकही नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत, पार्किंगचा मोकळा मजला असलेल्या इमारती पडल्या त्या याच रचनेच्या. २०१६ च्या कोडाप्रमाणे एखाद्या मजल्याचा आडवा स्टिफनेस वरच्या मजल्यापेक्षा कमी असला की तो सॉफ्ट स्टोरी. भिंतींशिवायच्या मॉडेलमध्ये तो कधी दिसतच नाही. म्हणून निदान एक रन स्ट्रट घालून करा आणि मजल्यागणिक स्टिफनेसचं टेबल वाचा.

मुंबई-पुण्यात आता माइव्हनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांच्या) कामात आणखी एक प्रकार होतो. बाहेरच्या भिंती, खिडकीखालचे तुकडे, सगळं फ्रेमबरोबर एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओतलं जातं आणि ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं 'नॉन-स्ट्रक्चरल'. काँक्रीटला ड्रॉइंग वाचता येत नाही. खिडकीखालची भिंत कॉलमला घट्ट चिकटली तर त्या कॉलमची मोकळी उंची निम्म्यावर येते, स्टिफनेस उंचीच्या घनाच्या उलट प्रमाणात वाढतो आणि शिअर तिथेच गोळा होतो. एकतर त्या भिंती मॉडेलमध्ये घ्या किंवा कॉलमपासून फट ठेवून सोडवा आणि साइटवर जाऊन ती फट खरंच आहे का ते बघा. जिन्याची तिरपी स्लॅबही ब्रेससारखी वागते. मिड-लँडिंगला धरणारे आखूड कॉलम मॉडेलमध्ये हवेतच.

पायरी ७: पाया

पुण्यात बऱ्याच जागी थोड्या खोलीवर कठीण बेसॉल्ट लागतो, तिथे फिक्स्ड आधार पटण्यासारखा आहे. काळ्या मातीवरच्या किंवा मऊ थरावरच्या स्वतंत्र फूटिंगला तो पटत नाही. फूटिंग थोडी फिरते, तळाचा मोमेंट कमी होतो, वरचा वाढतो. स्प्रिंगचा नेमका आकडा नसेल तर एक रन फिक्स्ड आणि एक पिन्ड करा, आणि डिझाइन दोन्हीच्या एन्व्हलपवर, म्हणजे दोन्हींतल्या मोठ्या आकड्यांवर, करा. फूटिंगच्या माथ्यापासून प्लिंथ बीमपर्यंतचा कॉलमचा तुकडा मॉडेलमध्ये घ्या. बरेच जण मॉडेल प्लिंथपासून सुरू करतात आणि दीड-दोन मीटर उंची गायब होते.

पायरी ८: डिझाइन बेसिसमध्ये काय लिहायचं

प्रूफ कन्सल्टंट (डिझाइन स्वतंत्रपणे तपासणारा) पहिल्यांदा हेच पान उघडतो, तेव्हा इथे "क्रॅक्ड प्रॉपर्टीज अ‍ॅज पर कोड" एवढंच लिहून भागत नाही. कोडाचं नाव, वर्ष आणि कलम लिहा. आवृत्त्या बदलतात, त्यामुळे काम सुरू करताना कोणती लागू आहे ते बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) संकेतस्थळावर तपासा. मग फाइलवार लिहा: उभा भार, भूकंप, वारा, डिफ्लेक्शन, प्रत्येकीत बीम, कॉलम, भिंत, स्लॅब यांचे मॉडिफायर. बीम आयताकृती की टी, टॉर्शन कोणत्या बीमना कमी केलं आणि कोणत्यांना नाही, भिंतीला एफ-२२ मध्ये काय दिलं, डायफ्रॅम (मजल्याची स्लॅब तिच्या प्रतलात) रिजिड की सेमी-रिजिड, आधार कसा, भिंतींचे स्ट्रट घातलेला रन केला का. शेवटी प्रत्येक फाइलचे पहिले तीन पीरियड आणि बेस शिअर एका तक्त्यात. ग्रॉस आणि क्रॅक्ड फाइलच्या पहिल्या पीरियडचं गुणोत्तर काढा. मोमेंट फ्रेमच्या इमारतीत ते पोर्टलच्या १.३४ च्या आगेमागे येतं. १.०५ किंवा २ आलं, तर तक्ता बाजूला ठेवून आधी मॉडिफायरचं टेबल उघडा.